हात बरे दिसायला लागल्यावर काय करायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी मेस आहे. दोन वेळचं जेवण, बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा. पीठ मळणं, भाकरी थापणं, भांडी, फरशी, ह्यात हात दिवसभर ओले असतात, आणि त्यामुळेच माझ्या हातांना बऱ्याच वर्षांपासून इसब आहे. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. पाणी, साबण, भांड्यांची पावडर, लसूण, मिरची, फिनेल असल्या गोष्टी रोज थोड्या थोड्या लागून कातडीचं वरचं कवच झिजतं. मग हात लाल होतात, खाजतात, सालपटं निघतात, उलतात. हा इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जेवणाऱ्यांना त्यातून काही होत नाही. फक्त भेगेत पू धरला असेल तर ती बरी होईपर्यंत जेवणाच्या कामाला हात लावायचा नाही, हे मी माझ्याकडच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

भडका उतरवणं हे त्यामानाने सोपं काम आहे. डॉक्टर मलम देतात, काही दिवसांत लाली जाते, भेगा मिटतात. अवघड भाग त्यानंतरचा. ट्यूब संपते, हात चांगले दिसतात, बाई पहिल्यासारखीच भांड्यांच्या ढिगात हात घालते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं. पुढची पाच-दहा वर्षं हात कसे राहणार, हे ह्या मधल्या काळात ठरतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे सगळं मुख्यतः त्या काळाबद्दल लिहितेय.

कायमचं जातं का?

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो, आणि त्याचं उत्तर गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 1983 साली हाताला इसब असलेल्या लोकांची नोंद झाली होती. 15 वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठून विचारलं. मागच्या वर्षभरात त्रास झाला असं सांगणारे 44 टक्के निघाले. एवढ्या वर्षांत अजिबात खंड न पडता त्रास चालू राहिलेले 12 टक्के. आणि ज्यांना अजून त्रास होता, त्यांच्यातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांनी पहिल्यापेक्षा आता बरं आहे असं सांगितलं. त्यांत सगळ्या प्रकारचे हाताचे इसब होते, अ‍ॅलर्जीचेसुद्धा.

ह्या आकड्यांकडे मी अशी बघते: अर्ध्याहून जास्त लोकांना 15 वर्षांनी त्या वर्षात काहीच झालेलं नव्हतं. ज्यांना झालं, त्यांतल्या बहुतेकांना अधूनमधून झालं. म्हणजे एक कोर्स करून विषय संपला असं बहुतेकांचं होत नाही, पण आयुष्यभर रोज रक्त निघत राहील असंही नाही. भडके लांब लांब जावेत, लहान असावेत, लवकर आटोक्यात यावेत, एवढं आपल्या हातात आहे, आणि माझ्या लेखी ते खूप आहे.

काहींचं जरा जास्त दिवस चालतं. लहानपणी कोपराच्या-गुडघ्याच्या लवणीत इसब झालेला असेल, घरात दमा किंवा सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी असेल, त्रास कमी वयात सुरू झाला असेल, पूर्ण पंजा व्यापला असेल किंवा पहिल्या काही महिन्यांत काहीच केलं नसेल, तर हात जास्त हट्टी असतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेला किंवा वर्षात दोन वेळा उलटलेला हाताचा इसब डॉक्टर जुनाट धरतात. तसं असेल तर स्वतःला दोष न देता नियम जरा कडक पाळायचे, इतकंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हात बघायला पूर्ण बरे झाले, लाली नाही, खाज नाही, तरी कातडीची सोसायची ताकद परत यायला आणखी चार-पाच महिने लागतात. नवीन गिलावा वरून वाळलेला दिसतो पण आत ओल असते, तसं असतं ते. त्या काळात पूर्वी सहज सोसलं असतं तेवढ्या साबणानेही हात पुन्हा फुटतो. मला हे सीपीआर, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, त्वचारोग विभागातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, तेव्हा कुठे सारखं सारखं का उलटतंय ह्याचा उलगडा झाला. तेव्हा आज हात बरे दिसत असतील तर कॅलेंडर काढा, पाच महिने पुढे मोजा आणि त्या तारखेवर खूण करा. तोपर्यंत तुम्ही बऱ्या झालेल्या नाही, बऱ्या होताय.

आधी खात्री करा की हे तेच आहे

एकाच हाताला झालंय आणि दुसरा स्वच्छ आहे, तर पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि तळवे बघा. तिथेही पांढरट कोंडा, सालपटं असतील तर तो नायटा असू शकतो, बुरशीचा. त्याच्यावर इसबाचं मलम लावलं की वरून दबतो आणि आत पसरतो. डॉक्टर कातडीचा कोंडा खरवडून काचेवर घेऊन तपासतात, काही दुखत नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जी. साबणाने झिजलेल्या हातात अ‍ॅलर्जी सोप्या वाटेने शिरते, त्यामुळे दोन्ही एकत्रही असतात. रबरी हातमोजे, हाताला लावायच्या क्रीममधला वास, साबणातलं टिकाऊपणाचं औषध, लसूण, सिमेंटमधलं क्रोमियम, अशा कशाचीही असू शकते. चांगली काळजी घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडत नसेल तर पॅच टेस्टबद्दल स्वतःहून विचारा. पाठीवर छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही. उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून थंडीत करून घेतलेली बरी. अ‍ॅलर्जी निघाली तर ती वस्तू पूर्ण सोडावी लागते. झिजेचा इसब असेल तर कमी करूनही भागतं. पुढचं सगळं नियोजन ह्या फरकावर चालतं.

पाणी किती, हे आधी मोजा

दिवसात मिळून दोन तासांहून जास्त वेळ हात ओले, किंवा वीसेक वेळांपेक्षा जास्त हात धुणं, ह्याला पाणकाम धरतात. हातमोज्यात घामेजलेला हातही ओलाच मोजायचा. आम्ही बायका म्हणतो, "कुठे एवढं पाण्यात असते मी?" म्हणून एक दिवस मोजून बघा. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळी हात ओला झाला की एक रेघ मारायची. संध्याकाळी पान बघितलं की कुठे काटछाट करायची ते आपोआप दिसतं.

मला दिसलं ते असं: मोठ्या भांड्यांच्या ढिगापेक्षा मधल्या बारीकसारीक धुण्याने जास्त नुकसान होत होतं. एक वाटी विसळ, हात धू, कोथिंबीर निवड, हात धू, पैसे घे, हात धू. मग कामांची मांडणी बदलली. भाजी निवडणं-चिरणं एका बैठकीत, पैशांचा डबा दुसऱ्याकडे, सुटी भांडी टबात पाणी घालून बाजूला आणि दिवसातून ठरलेल्या वेळीच घासायची. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आणि मी कामाची अदलाबदल करतो. एक दिवस त्यांनी भांडी, दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळ्या लाटायच्या आणि मी भांडी. त्यामुळे दोघींच्याही हातांना मधे कोरडा दिवस मिळतो. घरी एकटीच असाल तर निदान नवऱ्याने आणि मुलांनी आपापलं ताट घासायला लागावं. मी हे गंमत म्हणून लिहीत नाहीये, हातांच्या दृष्टीने औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

पाणी कोमट घ्या. कडकडीत पाण्याने तेलकटपणा छान निघतो, पण तो ताटाचा निघतो तसा हाताचाही निघतो. भाकरीसाठी उकळीचं पाणी पिठात ओततो, तेव्हा सुरुवातीला उलथन्याने किंवा पळीने कालवा, वाफ गेल्यावर हात घाला. साधी आंघोळीची साबणवडी कातडीच्या मानाने फार क्षारयुक्त असते. कातडीचा सामू (पीएच) साधारण 5, साबणाचा 9 ते 10. म्हणून हात धुवायला बिनवासाचं, सौम्य, साबणविरहित क्लिन्झर मिळतं ते घ्या, आणि बाहेर असताना हात नुसते अस्वच्छ वाटत असतील, घाण चिकटलेली नसेल, तर सॅनिटायझर चालतं. उघड्या भेगेत ते झोंबतं, पण अखंड कातडीला साबणापेक्षा ते कमी त्रास देतं, हे बऱ्याच जणींना खरं वाटत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर साबण पूर्ण निघायला वेळ लागतो, तेव्हा बोटांच्या मधे नीट धुवा आणि टॉवेलने टिपा, घासू नका.

अंगठी काढा. लग्नातली असली तरी कामाच्या वेळी काढा आणि देव्हाऱ्यात ठेवा. कधी काढून बघितलीत तर अंगठीखाली बरोबर तेवढ्याच रुंदीचा लाल, ओलसर पट्टा दिसेल, कडेला साबणाचा पांढरा थर. भांडी घासून झाली, हात वाळले, तरी त्या कड्याखाली साबणाचं पाणी तासन्‌तास बसून राहतं. पुष्कळ जणींचा इसब तिथून किंवा बोटांच्या बेचक्यांतून सुरू होतो. म्हणून पुढे आयुष्यभर ह्या दोन जागांवर लक्ष ठेवायचं. भडक्याची वर्दी तिथे सगळ्यात आधी मिळते.

लसूण आणि चटणी

कोल्हापुरात लसूण-मिरचीशिवाय दिवस जात नाही, त्यामुळे ह्याबद्दल जरा सविस्तर.

लसूण सोलताना स्वतःच्या हातांकडे बघा. सुरी उजव्या हातात, पाकळी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ह्यांच्या टोकांत धरलेली. लसणाचा त्रास असेल तर नेमकी हीच तीन टोकं कोरडी, जाड, चिरलेली दिसतात. करंगळी मात्र गुळगुळीत. डावखुऱ्या बाईचं उलट. हा नमुना डॉक्टरला हात बघताक्षणी ओळखता येतो. लसणातलं डायअलिल डायसल्फाइड नावाचं द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं, म्हणून मोजे घालून सोलण्याचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा गड्डे फोडून पाकळ्यांना थोडं तेल चोळा, परातीत पसरून उन्हात ठेवा, मग जाड कापडात घालून रगडा. सालं सुटतात आणि पाखडून निघतात. थोड्याच पाकळ्या हव्या असतील तर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून जोरात हलवा. ठेचायला खलबत्ता, चिरायचं नाही. माझ्याकडे लसूण आता अशीच निघते, आणि माझी बोटांची टोकं सगळ्यात आधी सुधारली ती ह्यामुळेच.

मार्च-एप्रिलमध्ये चटणी करायची वेळ येते. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी वाळवायची, देठ मोडायचे, भाजायचं आणि कांडपाला न्यायचं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हाताची आग झाली की आपण नळाखाली हात धरतो आणि तिखट आणखी पसरतं. आधी खाण्याचं तेल भरपूर चोळा, कोरड्या कापडाने पुसून टाका, दोनदा तसं करा, मग सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा. गरम पाणी अजिबात नको, आग वाढते. देठ मोडायला हातमोजे घाला. आणि हात बरे होऊन पाच महिने झाले नसतील तर ह्या वर्षी देठ मोडायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा, तुम्ही मिठाचं आणि मसाल्याचं प्रमाण बघा.

हातमोजे

हातमोजे घातले म्हणजे झालं, असं नाही. चुकीचे घातले तर तेच त्रास देतात. आत पातळ सुती मोजा, बाहेर मनगटाच्या वर जाणारा रबरी किंवा नायट्राइलचा. सुती मोजे मिळाले नाहीत तर मलमलच्या जुन्या कापडाचे शिवून घ्या, शिंप्याला हाताचा आकार कागदावर काढून दिला की पुरतं. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून जास्त घालून ठेवू नका. आत पाणी गेलं तर लगेच काढा, साबणाचं पाणी आत कोंडून ठेवण्यापेक्षा उघडा हात बरा. काम झालं की उलटे करून वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार दिवस काही वाळत नाही, म्हणून जूनच्या आधी दोन-तीन जोड्या जास्त आणून ठेवा. सुती मोजे बिनवासाच्या साबणाने धुवायचे.

मोजे घातल्यावर पाच-दहा मिनिटांत खाज सुटून गांधी उठत असतील, किंवा मनगटावर मोज्याच्या कडेपाशी सरळ रेषेत इसब थांबत असेल, तर रबराचीच अ‍ॅलर्जी असू शकते. ते डॉक्टरांना सांगा.

मेस, हॉटेल, कँटीन चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: हातमोजे आणि मलम ह्यांचा खर्च मालकाने करायचा. भांडी घासणारी बाई पगारातून हे आणेल ही अपेक्षा चुकीची आहे. एका सिलिंडरच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

मलम: कुठलं, किती, कधी

पातळ लोशन उन्हाळ्यात बरं वाटतं, पण राबत्या हातांना ते पुरत नाही. त्यात पाणी जास्त आणि टिकवायची औषधंही जास्त. बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा घट्ट मलम घ्या. सगळ्यात भारी मलम म्हणजे जे तुम्ही खरंच दिवसातून सात-आठ वेळा लावाल ते. युरियाचं क्रीम जाड, खरबरीत तळव्यांना चांगलं, पण उघड्या भेगेत झोंबतं, तेव्हा भेगा मिटल्यावर वापरा.

घरगुती म्हणाल तर खोबरेल तेल चांगलं आहे. कोकमतेलही चांगलं. कोकणातून घाटावर येणारा तो पिवळसर-पांढरा घट्ट गोळा आपल्याकडे टाचांच्या भेगांना पिढ्यान्‌पिढ्या लावतात, आणि तळहाताच्या भेगेवर कोमट करून लावला तर ती भेग तासाभरात मऊ पडते. पण लिंबू, चुना, मीठ-पाणी, पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, कडुलिंबाचा काढा, ह्यांतलं काहीही नको. ह्यांनी कवच आणखी खरवडतं. जी गोष्ट लावल्यावर झोंबते ती काम करतेय, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. इसबाच्या बाबतीत झोंबणं म्हणजे नुकसान.

लावायची पद्धत: हात धुऊन टिपल्यावर, किंचित ओलसर असतानाच. आधी बोटांची टोकं, मग बेचक्या, मग नखांच्या कडा, शेवटी तळहात. आपण सगळे तळहातापासून सुरू करतो आणि बेचक्या राहून जातात. एक डबी मोरीपाशी, एक पैशांच्या डब्यापाशी, एक उशाशी. डबी उठून आणावी लागली तर लावणं होत नाही. रात्री निजताना जाड थर देऊन सुती मोजे घाला. पीठ मळायच्या तोंडावर हात निसरडे होतात, तेव्हा ती वेळ सोडून द्या. शेवटची पंगत उठल्यावर मात्र चुकवू नका, तेव्हा पुढचे काही तास हात कोरडे राहणार असतात आणि मलम खरं मुरतं.

डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम वेगळं. त्याचं माप असं: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकाच्या एका पेराएवढी पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, एका पंजाच्या दोन्ही बाजूंना तेवढं पुरतं. सांगितले तेवढे दिवस लावा, भीतीने अर्ध्यात सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून महिनोन्‌महिने लांबवूही नका. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांना काही वेळा डॉक्टर बरं झाल्यावरही आठवड्यातले दोन दिवस लावायला सांगतात, तो त्यांचा निर्णय. मेडिकलच्या काउंटरवरून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणू नका. त्यांतल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चार दिवस जादू वाटते. मग कातडी पातळ होते, बुरशी असेल तर मुरते, आणि पुढच्या डॉक्टरला मूळ रोग ओळखणंही अवघड जातं. माझ्या नात्यातल्या एका बाईंची कातडी अशाच ट्यूबने इतकी पातळ झाली की हाताच्या मागच्या बाजूची शीर न् शीर दिसायची. मलमांनी भागलं नाही तर प्रकाशाची उपचारपद्धती आहे, गोळ्या आहेत, त्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच.

कारखान्यातले हात

माझे धाकटे दीर शिरोलीच्या कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनवर आहेत. त्यांच्याकडे कुलंट, धातू कापताना गार ठेवायला सोडतात ते. पाण्यात मिसळायचं ते तेल क्षारयुक्त असतं, आणि टाकीतलं पाणी उडून गेलं की घट्ट होत जातं. वरून नुसतं तेल ओतलं की आणखी कडक. ते म्हणतात, "वहिनी, कुलंटनं जेवढं खाल्लं नाही तेवढं सुट्टीच्या वेळी रॉकेलनं खाल्लं." खरं आहे. शिफ्ट संपली की रॉकेल, थिनर, नाहीतर कपड्यांची पावडर आणि भुसा घेऊन हात रगडतात. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो कातडी खरडतो. उद्यमनगरच्या वर्कशॉपांत, फाउंड्रीत, हुपरीच्या चांदीकामात, गवंडीकामात हेच थोड्याफार फरकाने चालतं. आधी चोथ्याने किंवा चिंधीने सुकं पुसा, मग खाण्याचं तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळून ग्रीस सोडवा, मग सौम्य साबण. पुसायची चिंधी रोज बदला, काल वापरलेली तेलकट चिंधी खिशात ठेवू नका, मांडीलाही इसब होतो. फिरत्या मशिनजवळ कापडी-रबरी हातमोजे घालायचे नाहीत, हात ओढला जातो.

आणि हे माहीत असू द्या: नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, रसायनांच्या आणि रंगांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह होता, आणि खनिज तेलाने होणाराही होता. म्हणजे हे घरचं दुखणं म्हणून दाबून ठेवायची गरज नाही. कामामुळे झालंय असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

काम सोडायचं का? लगेच नको. काम बदलूनही सगळ्यांचे हात सुधारतात असं नाही, विशेषतः जुनाट असेल आणि लहानपणापासून इसबाची प्रकृती असेल तर. घरी भांडी असतातच. आधी कामाच्या आत बदल करून बघा. हेच सगळं नीट पाळून सहा महिने झाले, तज्ज्ञ डॉक्टर सोबत आहेत, तरी भेगा मिटत नाहीत, तर मग त्याच डॉक्टरांना घेऊन कामाबद्दल बोला. मुलीला नर्सिंगला किंवा पार्लरच्या कोर्सला घालायचं असेल आणि तिला लहानपणी इसब झालेला असेल, तर हातांची काळजी पहिल्या दिवसापासून शिकवा. त्या कामांत पाणी, साबण आणि रसायनं सतत.

पुन्हा भडकलं तर

भडकणार आहे, हे धरून चाला. आपल्याकडे त्याच्या वेळाही ठरलेल्या आहेत: डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी, दिवाळीची साफसफाई, चटणीचे दिवस, लग्नसराई. त्याच्या आधी पंधरा दिवस मलम वाढवा. बेचकीत खरखर वाटली, अंगठीच्या जागी चुरचुरलं, की त्याच दिवसापासून पाण्याची कामं निम्म्यावर आणा आणि रात्रीचे मोजे सुरू करा. भेग पडेपर्यंत थांबू नका. भडका उतरला की पाच महिन्यांची खूण नव्याने करायची.

पिवळी खपली, पू, ठणका, हाताला सूज, ताप, किंवा मनगटाकडे चढणारी लाल रेघ दिसली तर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल तर ह्याहूनही लवकर. नखाच्या कडेला सूज येऊन नखुर्डं होत असेल तर तेही दाखवा, ते पाणकामाचंच भावंड आहे.

डॉक्टरकडे जाल तेव्हा हात नेमके चांगले असतात, हा सगळ्यांचा अनुभव. म्हणून भडका असताना उजेडात दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा, तळहात आणि हाताची मागची बाजू दोन्ही, जमल्यास पायाचे तळवेही. भांड्यांची पावडर, साबण, क्रीम, आतापर्यंत लावलेल्या ट्यूबा ह्यांची वेष्टणं पिशवीत घालून न्या. ती वही न्या, रेघा मारलेलं पान उघडून दाखवा. सीपीआरच्या ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो, आणि ही पिशवी टेबलावर ठेवली की तोंडाने सांगायला लागणारी निम्मी हकिकत वाचते.